नीलाक्षाचा बडी

नसीमबाई मुकादम यांचं ऋण माझ्यावर सगळ्यात मोठं. शिळफाट्याच्या वाचनालयात त्या पुस्तकं देत. माझे आईवडील साजगावला कारखान्यात कामाला. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो बाईंमुळे. तेव्हा मी वहीत नीलाक्ष नावाच्या वीराच्या गोष्टी लिहायचो. तो राक्षस मारायचा, पण गावकरी त्याला वेशीबाहेरच जेवायला वाढायचे. बाईंनी वाचून विचारलं, "याला एक पण मित्र कसा नाय रं?" तो प्रश्न मी वहीत लिहून ठेवला.

पदवीनंतर सैन्यात शिपाई म्हणून भरती झालो. पहिलं पोस्टिंग काश्मीरमधली डोंगरावरची एक चौकी. आमच्या तुकडीत, म्हणजे सेक्शनमध्ये, दहा जण. 05:00 ला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज, मग चहा, मग पेट्रोल, म्हणजे गस्त. संध्याकाळी मी नीलाक्षाची वही उघडायचो. एका जवानाचा लपवलेला फोन पकडला गेला, चुगली मीच वहीत लिहून केली असं सगळ्यांना वाटलं आणि त्या दिवसापासून मी जेवायला बसलो की गप्पा बंद होऊ लागल्या.

लान्स नायक बाबू जगताप साताऱ्याकडचे. ते तोंडावर बोलले.

"ग्रॅज्युएट, आज कुणाचा रिपोर्ट लिवतोयस?"

"गोष्ट लिहितोय, उस्ताद."

"व्हय. फोन घावला, ती बी गोष्टच हुती."

सेक्शन कमांडरनी मुद्दाम त्यांनाच माझा बडी, म्हणजे जोडीदार, केलं. बडीचा इशारा विचार न करता पाळायचा असतो. पहिल्याच पेट्रोलवर जगतापांनी तळहात खाली दाबला. मी चिखलात आडवा झालो. समोर एक मेंढी होती. सगळे हसले.

"रिपोर्टात ह्ये बी लिव," जगताप म्हणाले.

आठवड्याने पाहिलं तर वहीतली चार पानं फाडलेली. जगतापांनी नजर चुकवली. पानं कंपनी कमांडरकडे जाणार याची मला खात्री वाटली. मी विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी, 06:40. नाल्याच्या काठाने चाललो होतो. जगताप पंधरा पावलं पुढे. ते दगडाआड बसले आणि तळहात खाली दाबला. मी उभाच राहिलो. पुन्हा मेंढी असेल असं वाटलं. ते अर्धे उठून माझ्याकडे वळले.

"आडवा हो रं!"

फायर आला. मी आडवा पडलो, ते गोळी लागून पडले. सेक्शन कमांडर रेडिओवर बोलत होते, "एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर." 07:25 ला स्ट्रेचर आलं, तोवर जगताप गेले होते.

गेलेल्या जवानाच्या किटची यादी त्याचा बडी करतो. मी केली. मोजे, दाढीचं सामान, मुलीचा फोटो. फोटोखाली माझी चार पानं. त्याच दिवशी मी नसीमबाईंना पत्र पाठवलं.

"बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. पानामागे जगतापांनी पेन्सिलीने लिहिलंय, 'ह्याला एक बडी दे. येडं एकटंच जेवतंय.' मी नीलाक्षाच्या बडीचं नाव बाबू ठेवलंय. त्यांनी हात खाली केला तेव्हा मी उभा होतो, हे सगळ्यांनी पाहिलं. तरी आज दुपारी सेक्शनमधल्या सगळ्यांनी माझं ताट आपल्या मधोमध मांडलं."