फुंकून पाहिलेलं गेज

गडचांदूरचा माझा मेकॅनिक बॉनेटवरची सिमेंट कारखान्याची पांढरी धूळ पुसल्याशिवाय गाडीला हात लावत नाही. टर्बो इंजिनात किती दाबाने हवा भरतो ते दाखवणारं बूस्ट गेज बसवण्याआधी तो त्याची रबरी नळी तोंडात धरून फुंकतो. माझ्या मागच्या गाडीच्या वेळी त्याच्या एका फुंकरीत काटा दोन रेघा चढला होता.

काल त्याने तीनदा फुंकलं आणि खोकत खाली बसला. काटा शून्यावरच होता.

"गेजच खराब हाये, भाऊ. दुसरं आनतो," म्हणत तो आत गेला.

मी नळी पुसून फुंकली. काटा सहज दोन रेघा चढला.

तो परत आला तेव्हा मी म्हटलं, "खराबच आहे."

त्याने नव्या गेजची नळी माझ्यापुढे धरली. "हे तुमीच फुका."