जाळीविना हॉट रॉड

हसू नका म्हणावं, तर मग सांगण्यात मजा काय! असा गोंधळ माझा मीच घालू शकतो.

माझा धंदा तुम्हाला माहीतच आहे. फायबरचं काम. बुद्धमूर्ती, जयंतीच्या मिरवणुकीतले देखावे, लग्नाच्या कमानी. असल्या माणसानं गाडीच्या नादाला लागावं कशाला?

पण लागलो. भंगारात एक फायबरची बॉडी मिळाली. जुन्या अमेरिकन हॉट रॉड गाडीची हुबेहूब नक्कल! लांबलचक नाक, उघडी चाकं. ताईला म्हणालो, "भाच्याची वरात यातूनच काढू!" ताईनं लगेच सगळ्या भावकीत डंका पिटला.

आणि मग लक्षात आलं, नाकावरची, रेडिएटरपुढची जाळीच नाही. नुसतं भोक!

जाळी हवी, तर बॉडी बनवणारा सापडायला हवा. त्याच्या साच्यातली जाळीच तिथं बसणार. पण तो कोण? बॉडीवर ना नाव, ना शिक्का. ओळखीच्यांना फोटो पाठवले. एक म्हणाला राजकोटचं काम, दुसरा म्हणाला कोल्हापूरचं. तिसऱ्यानं विचारलं, "ही होडी आहे का?" माझं डोकंच चालेना.

बॉडी जुन्या जीपच्या सांगाड्यावर बसवायला उस्मानपुऱ्यात अज्जूभाईच्या गॅरेजला दिलेली. त्याचा फोन आला की एकच प्रश्न, "मामू, जाली का क्या हुआ?" म्हणून मी त्याचे फोन उचलणंच बंद केलं. हुशारी बघा!

भाच्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी देवगाव रंगारीहून मित्राचा फोन. "अरे, तुझ्या फोटोतल्यासारखीच गाडी हितं एका लग्नात उभीय. जाळीसकट!"

स्कूटर काढली आणि सुटलोच. मांडवाबाहेर लालभडक गाडी उभी. माझी पांढरी, पण घडण? तीच! टेप काढून मोजलं. नाक तेवढंच, दार तेवढंच. डाव्या दारामागं माझ्या बॉडीसारखाच फुगवटासुद्धा! डोळ्यांत पाणी आलं हो. साचा एक, कारागीर एक!

"कुणी बनवली ही?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"काय म्हाईत. शहरातनं ट्रायलला आणलीय. मालक लई येडं हाय म्हणं, फोनच उचलत नाय."

"असतात असली माणसं!" मी म्हणालो. अगदी मनापासून! "जाळी उद्यापुरती देता का?"

"दुसऱ्याची वस्तू, मी कशी देऊ? नाय जमायचं."

तो जेवायला गेला. जाळी नाही तर नाही, तिचा साचा तर घेता येईल! स्कूटरच्या डिकीत प्लास्टरची पिशवी कायम असते. कालवलं आणि जाळीवर थापलं. गडबडीत आधी ग्रीस लावायचं राहिलं. ग्रीस नसलं की प्लास्टर सुटत नाही, हे मी कामगारांना रोज ओरडून सांगतो!

घट्ट झाल्यावर ओढलं, हलेना. जोर लावला, तर जाळीच वाकली. तेवढ्यात बँड सुरू झाला, माणसं बाहेर येऊ लागली. परक्या गावात परक्या गाडीची नासधूस! मी स्कूटरला किक मारली ती थेट घरी.

सकाळी दारात हॉर्न वाजला. बघतो तर तीच लाल गाडी! शोधत आले की काय?

आतून अज्जूभाई उतरला. "फोन कायकू नै उठाते मामू? तुम्हारी जाली मैं पत्रे की बनाया, कलर मारा, दोस्त की शादी में ट्रायल लिया. और ये देखो, कोई पागल प्लास्टर थोप के भाग गया!"

म्हणजे? मी माझीच गाडी मोजली, आणि ती माझ्या गाडीसारखी आहे म्हणून रडलो?

अज्जूभाई प्लास्टर झाकायला जाळीवर झेंडूच्या माळा सोडायला लागला. हॉर्न ऐकून बाहेर आलेली ताई मात्र रडकुंडीला आली होती. "सगळ्यांना सांगून ठेवलंय रं मी! बाळू, तुझ्याच धंद्यातल्या कुणाचं तरी काम हाय हे. बघून सांग कोण हाय त्यो. हात मोडते मेल्याचा!"

मी माळा बाजूला करून गुडघ्यावर बसलो. प्लास्टरमध्ये माझी पाचही बोटं स्वच्छ उमटली होती. अंगठीसकट.

"ताई," मी हात खिशात घालत म्हणालो, "कुणीतरी शिकाऊ दिसतोय."