आगीला भिणारे तात्या

आमच्या तात्यांइतका आगीला भिणारा माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. कोणी काडी ओढली की आधी त्यांची मान वळायची. बिडी सोडून ते तंबाखूवर आले ते याच भीतीपायी. आणि आमच्या कंपाउंडात आग विझवणारी जी मंडळी होती, तिचे म्होरके हेच तात्या. कोणी चिडवलं तर म्हणायचे, "भितो म्हणून तर मला वास आधी येतो. तुम्ही धीट माणसं, तुम्ही झोपा निवांत."

ही बहरीनमधली गोष्ट, नव्वद सालानंतरची. जिदहफ्स गावाच्या पलीकडे, खजुराच्या बागांना लागून एका म्हाताऱ्या हाजींचं कंपाउंड होतं. ओळीने बारा खोल्या, मधल्या भिंती प्लायवूडच्या, वर पत्रे. निम्मी माणसं कोकणातली, काही केरळची, आणि अकोल्याकडचं आमचं एकच कुटुंब. मी, आमचे हे आणि दोन मुलं. हे एका कंपनीत टेक्निशियन होते. तात्या गुहागरकडचे, गॅरेजात ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचे. गावाहून येणारी गल्ली इतकी अरुंद, की सरकारी बंब तिच्या तोंडाशीच अडकायचा आणि तिथून पाइप ओढत आणावा लागायचा. तोवरचा वेळ आपला आपणच निभवायचा, असा तात्यांचा हिशेब.

हाजींच्या बागेत झाडांना पाणी द्यायची सिमेंटची टाकी होती. दर शुक्रवारी सकाळी सुट्टीच्या दिवशी तात्या शिट्टी फुंकायचे. मग पुरुष लुंग्या खोचत टाकीपासून शेवटच्या खोलीपर्यंत रांग धरायचे आणि भरलेल्या बादल्या हातोहात पुढे जायच्या. गोणपाटं भिजवून ठेवलेली, वाळूचे डबे दाराशी. हाजी खुर्ची टाकून बसायचे आणि "यल्ला, तात्या, यल्ला", म्हणजे चला, चला, करत हसायचे. कोणीतरी म्हणायचं, तात्या, आग नाही लागली तरी आठवड्याची अंघोळ होते आमची. तात्या काही हसायचे नाहीत. सगळं आवरलं की एकटेच जाऊन टाकीत पाणी किती उरलं ते वाकून बघायचे.

माझ्या लेकीच्या वाढदिवसाला तर कमाल झाली. केकवर मेणबत्त्या लावल्या, तसे तात्या ओला टॉवेल हातावर घेऊन दाराशी उभे. लेक इंग्रजी शाळेतली, ती म्हणते कशी, "अंकल, इट्स ओन्ली अ कँडल." सगळे हसले. तात्याही हसले, पण मेणबत्त्या विझून वातींचा धूर जाईपर्यंत टॉवेल काही त्यांनी खाली ठेवला नाही.

त्यांच्या भीतीचं मूळ मला एकदाच कळलं. लहानपणी गावात गोठा पेटलेला त्यांनी पाहिला होता. माणसं घर वाचवायला धावली, आणि गुरांची दावी सोडायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. "वरडत व्हती गो बाय," एवढंच म्हणाले.

म्हणून असेल, पण रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आले की चहाच्याही आधी ते बाराही दारांशी फिरायचे. "काय बाय, आज किती जणं?" पाहुणा आला असेल, कोणी रजेवर गावी गेला असेल, कोणाची शिफ्ट बदलली असेल, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. आत माणूस असताना बाहेरून कुलूप नाही, हा त्यांचा एकच कडक नियम. खोली परत बांधता येते, पण माणूस कुठं आहे ते आधी कळायला हवं, असं ते म्हणायचे.

मी सांगायची, "चारच, तात्या."

आणि आठ महिने ते खोटं होतं. आम्ही पाच होतो.

पाचवा माझा सख्खा भाऊ, वसंता. गवंडीकाम करायचा. त्याचा ठेकेदार धंदा गुंडाळून पसार झाला, पासपोर्टही त्याच्याकडेच राहिला, आणि व्हिसा संपला. गावी दोन मुली शिकत होत्या. पकडला असता तर तो परत गेलाच असता, आणि त्याला लपवलं म्हणून आमच्या ह्यांची नोकरी धोक्यात आली असती. दारावर साधी टकटक झाली तरी माझ्या हातातलं लाटणं थांबायचं. वसंता कपाटामागच्या गादीवर श्वास धरून पडायचा. मी बाहेर जाताना बाहेरून कुलूप घालायची, म्हणजे कोणी चौकशीला आलं तरी खोली रिकामी वाटावी. तोच म्हणायचा, "ताई, लाव कुलूप, मला झोप तरी लागते." तात्या ते कुलूप रोज बघायचे. त्यांना वाटायचं, बाय बाजारात गेली.

मे महिना होता, सकाळी अकराचा सुमार. मुलं शाळेत, हे कामावर. मी जिदहफ्सला मासळी आणायला गेले होते. परत येताना बागेवर काळा धूर दिसला, आणि पहिला विचार आला की हाजी वाळलेल्या झावळ्या जाळताहेत. दुसऱ्या क्षणी मी पळत होते. मासळीची पिशवी कुठे पडली ते माहीत नाही.

आठव्या खोलीतल्या एसीची वायर पेटली होती. प्लायवूड कागदासारखं जळत होतं, नववी खोलीही धरली होती. दहावी आमची. घरात होते तेवढे पुरुष बादल्यांच्या रांगेत उभे होते, आणि तापामुळे सिक लीव्हवर असलेले तात्या पुढे होते. बंबावरचे जवान गल्लीच्या तोंडापासून पाइप ओढत येत होते. दोन पोलीस माणसांना मागे सारत होते.

तात्या माझ्यापाशी आले. तोंड काजळलेलं, डोळे लाल. "बाय, तुमच्या खोलीत कोण न्हाय ना?"

पोलीस हाताच्या अंतरावर उभा होता.

मी म्हणाले, "नाही."

आठ महिने जे उत्तर रोज दिलं होतं, तेच तोंडातून गेलं. आता तुम्ही म्हणाल, सख्खी बहीण असं कशी बोलेल? मीही स्वतःला हेच विचारत आले आहे. भीती अशी अंगवळणी पडते की खरी वेळ आली तरी ती आपली जुनीच वाट धरते.

तात्यांनी मान हलवली आणि वळले. किल्ली माझ्या मुठीत रुतत होती. आतून दार वाजल्यासारखं वाटलं. ते खरंच वाजलं की माझ्याच मनात, आजही सांगता येत नाही. मी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला. "तात्या, वसंता आत आहे. माझा भाऊ. कुलूप मीच लावलंय."

त्यांनी माझ्या मुठीतून किल्ली सोडवली, ओलं गोणपाट डोक्यावर घेतलं आणि धुरात शिरले. मला पोलिसाने दंडाला धरून ठेवलं होतं. हाजी मोठ्याने दुवा म्हणत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मला एवढंच आठवतं, की धुराकडे बघताना मी वसंताच्या मुलींना काय सांगायचं, त्याची वाक्यं मनात जुळवत होते.

मग ते बाहेर आले. वसंताला काखेत धरून फरफटत आणत होते. तापलेलं कुलूप दोन्ही हातांनी धरून त्यांनी उघडलं होतं, आणि तळव्यांची कातडी तिथेच राहिली होती.

वसंता वाचला. शुद्धीवर आल्यावर पोलिसांना त्याने स्वतःच नाव सांगितलं आणि काही आठवड्यांनी त्याला परत पाठवलं. आमच्या ह्यांना मॅनेजरपुढे मान खाली घालून उभं राहावं लागलं, नोकरी मात्र टिकली. म्हणजे ज्याला भीत होतो त्यातलं बरंच घडलं, आणि त्यानंतरही आम्ही जगलो. तात्यांचे हात बरे झाले, पण हातोडी धरवेना. वर्ष संपायच्या आत गॅरेजवाल्याने तिकीट हातात दिलं आणि ते गुहागरला गेले. पुन्हा भेट झाली नाही. काही वर्षांनी ते वारल्याचं त्यांच्याच गावच्या माणसाकडून कळलं.

पण हातांना पट्ट्या होत्या तोवर रोज दुपारी मीच त्यांना भरवत होते. माशाचं कालवण आणि भात. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्याने राहवेना.

"तात्या, तुम्ही विचारलंत तेव्हा मी आधी नाही म्हणाले."

"ऐकलं मी," ते म्हणाले.

तोंडातला घास सावकाश चावून गिळला. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "खरं सांगू बाय? तुम्ही न्हाय म्हणलात, तवा मला बरं वाटलं. म्हटलं, सुटलो. आत जायला नको."

मी हात तसाच धरून बसले.

"नंतर दारात पण थांबलो. पाय उचलंना. धूर व्हता म्हणून तुम्हाला दिसलं न्हाय." मग माझ्याकडे वळले. "कोणाला सांगू नका. शुक्रवारी रांगेत कोण उभं ऱ्हायचं न्हाय."

मी कोणालाच सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. आज तात्या नाहीत आणि ते कंपाउंडही राहिलं नाही, म्हणून लिहिते आहे. त्या दुपारी मी ताट जवळ ओढलं. ताटात भात कालवला आणि पुढचा घास उचलला. थोडी शितं त्यांच्या मांडीवर सांडली. तात्यांनी मान पुढे केली आणि तो घास घेतला.