सायकसच्या पोकळ बिया

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आमच्या गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचे. त्यांच्यामुळेच मी घरातला पहिला पदवीधर झालो. तांदळाच्या आंबलेल्या धुवणाचा वास आला की मला जयनगरमधल्या घरमालकीण अक्का आठवतात. त्यांच्या दारातलं सायकस, म्हणजे ताडासारखं दिसणारं पण पाइनच्या गोतावळ्यातलं झाड, केशरी बियांनी भरायचं, पण एकही बी रुजत नसे. झाड उपाशी आहे असं ठरवून अक्का त्याला रोज धुवण पाजायच्या आणि मला टोमणा मारायच्या, “झाडांचंच शिकलास म्हणे, मग एक बी रुजवून दाखव की.” मी वैतागून सांगायचो, “अक्का, त्याची पानं अन्न करतात, मुळांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन देतात. हे मादी झाड आहे, जवळ नर नाही, म्हणून बिया पोकळ.” “सरी, सरी,” असं कानडीत ‘बरं, बरं’ म्हणत त्या आणखी एक तांब्या ओतायच्या. शेवटी बुंधा कुजायला लागला, तेव्हा मी त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि त्याच दिवशी सरांना पत्र टाकलं: ‘सर, शाळेतल्या ज्या सायकसला बी धरत नाही म्हणून तुम्ही हळहळता, ते नर आहे. यंदा शंकू पिकला की त्याची पिवळी पूड, म्हणजे पराग, इथल्या मादी झाडासाठी कागदात बांधून पाठवा. पहिलं रोप शाळेला आणून देईन.’