होनोलुलूची घंटा

देऊळ दिसलं की घंटा वाजवायची, या सवयीपायी मी होनोलुलूतल्या एका बौद्ध विहाराची रविवारची प्रार्थना अर्धा तास आधीच सुरू करून टाकली.

सगळं सासूबाईंसाठी. त्या नागपूरच्या, बौद्ध. मी पुण्याचा, आणि लग्न आमचं आम्हीच ठरवलेलं. तेव्हापासून माझा उल्लेख 'तुझा नवरा' असा, तोही बायकोकडे बघून. त्यांच्या तोंडून एकदा तरी 'जावई' ऐकायचंच, म्हणून त्या आमच्याकडे क्युपर्टिनोला राहायला आल्यावर त्यांना इथे आणलं. होनोलुलू ही जुन्या राजांची राजधानी. लोक इथे समुद्रावर लोळतात. मी जुने पॅगोडे आणि विहार दाखवायचा प्लॅन केला होता.

पॅगोडा देखणा होता. फक्त कुंपणाला कुलूप होतं.

"वर चढता येते म्हणत होता ना तुझा नवरा?" सासूबाईंनी बायकोला विचारलं.

विहार मात्र पांढराशुभ्र, वर घुमट. "अवं, हे तर आपल्या दीक्षाभूमीवानी!" त्या हरखल्या. त्या हरखल्या म्हणून मी चेकाळलो. अंगणात भलीमोठी घंटा आणि दोरांना टांगलेला ओंडका. मागे ओढला, दिला सोडून. अख्खं अंगण घुमलं.

स्वयंपाकघरातून एप्रनमधल्या जपानी आज्या हात पुसत निघाल्या. मागून झगा सावरत, घास गिळत धर्मगुरू. सगळे आत जाऊन धडाधड बाकांवर बसले.

"अरे, ही देवळातल्यासारखी घंटा नाही, शाळेतल्यासारखी आहे! वाजली की प्रार्थना सुरू!" बायको कुजबुजली. "बस आता गुपचूप."

बसलो. जपानी मंत्र झाले आणि मग सगळे त्रिशरण म्हणू लागले. पालीत! नागपूरला म्हणतात तेच! सासूबाईंनी डोळे मिटले आणि असा आवाज लावला की पुढचं अख्खं बाक वळून बघायला लागलं. मला तर उठून नाचावंसं वाटत होतं.

नंतर चहाच्या वेळी एक वाळकुडे आजोबा कडाडले, "माझी घंटा कोणी वाजवली?" हे इथले घंटा वाजवणारे. सगळ्या माना माझ्याकडे. मी कपात बघू लागलो.

सासूबाईंनी डोळे पुसले, माझ्या पाठीवर एक दणका घातला आणि बायकोला म्हणाल्या, "सांग त्यायले, जावई आहे माझा. डोकं नाही त्याले."