कुठेच न टेकणारी सुई

धाकटे, मायना वगैरे घालत नाही, तेवढा धीर नाही. तुझी नोकरी गेल्याचं मला शेजारणीकडून कळावं? काय दिवे लावलेस ते सांगायला तयार राहा, मी निघालेच आहे.

थोरलीचं पत्र आलं तेव्हा धाकटी उभ्यानेच चहा पीत होती. बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं.

ती प्रयोगशाळेत तात्पुरत्या नोकरीवर स्फटिक वाढवायची. भट्टीत कोबाल्टचं मिश्रण वितळवून सावकाश निववलं, की केसाएवढ्या सुया मिळत. त्यांच्यात कोबाल्टचे अणू त्रिकोणाला त्रिकोण जोडून साखळीत उभे असत. प्रत्येक अणू म्हणजे इवलासा चुंबक, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं असतं. दोघांचं जमतं, तिसऱ्याने कुणाच्या उलट वळायचं? म्हणून कितीही गारठवा, त्यांची चुळबुळ थांबत नाही.

यंदा मात्र एक सुई साध्या खोलीच्या उबेतही लोहचुंबकासारखी वागली. प्रयोगशाळेचे प्रमुख सर हरखले. "उद्या परिषदेत सांगतो. तुम्ही आता कायम झालात समजा!"

प्लॅस्टिकचा चिमटा मोडला म्हणून धाकटीने घाईत ती सुई पोलादी चिमट्याने उचलली होती.

"सर, ते लोखंड असेल. चिमट्याचा कीस."

"असेल म्हणजे खात्री नाही ना? मग गप्प बसा."

तेच तर तिला जन्मात जमलं नव्हतं. तिने सुई सौम्य आम्लात धुतली. सुई निम्मी झिजली, चुंबकपणा पार गेला. सरांना परिषदेत ऐनवेळी विषय बदलावा लागला, आणि तिची नेमणूक दुसऱ्याच कुणाला मिळाली.

"हरिश्चंद्राची मावशी!" सगळं ऐकून थोरली कडाडली. मग पर्स चाचपत म्हणाली, "पण ते अणू शेवटी टेकतात की नाही?"

"आणखी थंडीत मोजल्याशिवाय काय सांगू, ताई? तसलं यंत्र तुमच्या गावच्या कॉलेजात आहे."

"मग दे की. तिथली बाई माझ्या हाताखाली शिकलीय. मी नेते."

धाकटीने सुई औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये ठेवली, थोरलीच्या हातावर दिली आणि लगेच परत घेतली. "थांब, साखळीच्या दिशेची खूण करते."

बाहेर थोरलीला न्यायला आलेला टॅक्सीवाला हॉर्न बडवत होता. भिंग सापडेना.

"राहू दे गं, पुढच्या खेपेला नेईन."

पुढच्या खेपेला थोरलीचे गुडघे धरले. त्यानंतर तिकडचं यंत्रच मोडीत निघालं.