हौदातलं चार बोटं पाणी

मी नगरपालिकेच्या बागेत मुकादम होतो, आणि माणूस म्हणून लई संशयी. तोटी कुणी उघडी सोडली, खुरपं कुणी लांबवलं, सगळं मला आधी कळलं पाहिजे असा हट्ट. त्या दुष्काळात बीडमध्ये प्यायच्या पाण्याचेच वांधे होते, मग बागेला कोण विचारतो? एका जुन्या विहिरीचं खारं पाणी टँकरनं यायचं आणि बागेतल्या हौदात पडायचं. हिरवळ आम्ही सोडूनच दिली होती. नुसती झाडं जगवायची, तीही बादलीनं.

संध्याकाळी मी हौदात काठी बुडवून खूण करायचो. सकाळी पाहावं तर पाणी चार बोटं खाली. रोज.

हौदाच्या झाकणाची किल्ली एका बाईकडं होती. मजूर सोसायटीकडून आलेली, सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. पूर्वी ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची. तो वारला, हिची कंबर धरली, तेव्हा हे काम मिळालं. पोरगी बारावीला होती, आणि ह्या कामामुळंच दोघी बीडात टिकून होत्या. हे सगळं मला माहीत होतं. तरी रोज जाताना फाटकाशी मी तिची पिशवी उघडायला लावायचो. एकदा पिशवीत अर्धा कॅन पाणी निघालं. घरून प्यायला आणलेलं उरलंय, असं ती म्हणाली. एक घोट घेतला असता तर खारं की गोडं ते तिथंच कळलं असतं. पण घेतो कशाला? मला माझा चोर सापडला होता.

तिनं हौदाशेजारच्या पिंपळाकडं बोट केलं.

"भाऊ, माझी पिशवी कावून बघता? सगळी बाग वाळली, ह्यो एकटाच कावून हिरवा हाय ते बघा की."

पिंपळ मी स्वतः लावलेला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो, की बघा, आपल्या हाताला गुण हाय. तिचं बोलणं मला झोंबलं. म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा! सोसायटीच्या चेअरमनला सांगून तिला काढायला लावलं. त्यानं का म्हणूनही विचारलं नाही. त्याच्या दारात कामाला माणसं उभीच होती. दिवाळी झाली आणि ती पोरीला घेऊन कारखान्याकडं ऊस तोडायला गेली. एका कोयत्याला दोन माणसं लागतात, नवऱ्याच्या जागी आता पोरगी.

पुढच्या आठवड्यात काठी बुडवली, तर पाणी चार बोटं खालीच. मग मी नव्या माणसावर संशय घेतला, टँकरवाल्यावर घेतला. झाकणाला घरचं कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. तरी चार बोटं. शेवटी हौद रिकामा करून स्वतः आत उतरलो. तळाच्या कोपऱ्यात भिंत फोडून पिंपळाची मुळं आत आली होती, ओली, मनगटाएवढी जाड. काखेत कळसा न् गावाला वळसा. मला माझीच लई लाज वाटली. मुळं तोडायला कुणी तयार होईना, पिंपळाला कोयता कोण लावतो? मीच तोडली, फट सिमेंटनं बुजवली, आणि त्यातलं एक अक्षर चेअरमनला सांगितलं नाही.

चैत्रात पिंपळाला तांबूस पालवी फुटते, ती त्या वर्षी फुटली नाही. पाडव्यानंतर ती बाई फाटकाशी आली, सोबत पोरगी. तिनं आधी वाळक्या पिंपळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घालून सांगून टाकलं, की चूक माझी होती, उद्यापासून कामावर ये.

"मला आता वाकता येत न्हाई," ती म्हणाली. "हिला ठेवा. परीक्षा तर गेलीच हिची."

चेअरमनला सगळं खरं सांगून, त्याच्या हातापाया पडून मी पोरीला कामावर घेतलं. पहिल्याच संध्याकाळी ती घरी जाताना फाटकाशी थांबली, आणि मी काही बोलायच्या आत तिनं पिशवी उघडून माझ्यापुढं धरली.